प्रवाळभिंतीचा जमाखर्च

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभिंतींनी व्यापलेला नाही. तरीही समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती आयुष्याचा कुठला ना कुठला काळ तिथे काढतात. हा आकडा अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. त्याहून मोठं नवल म्हणजे या भिंती जिथे वाढतात ते पाणी जवळपास निःसत्त्व असतं. उष्ण कटिबंधातलं निळंशार, तळ दिसेल इतकं नितळ पाणी दिसायला सुंदर असतं, पण ते नितळ असतं कारण त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव फार थोडे असतात. नायट्रोजन आणि फॉस्फरसचाही तुटवडाच. अशा पाण्यात एवढी गजबज पोसली कशी जाते?

त्याचं उत्तर एका इवल्याशा प्राण्यात आहे. प्रवाळ हा जेलीफिश आणि समुद्रफुलांच्या कुळातला प्राणी. त्याच्या एका जीवाला पॉलिप म्हणतात आणि बहुतेक पॉलिप काही मिलिमीटरचेच असतात. मऊ, पोकळ शरीर, वर एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक सोंडांचं कडं. खायचं त्याच तोंडाने आणि चोथा टाकायचाही त्याच तोंडाने. दिवसा बहुतेक पॉलिप आपल्या चुन्याच्या वाटीत आक्रसून बसतात. अंधार पडला की सोंडा पसरतात आणि त्यांवरच्या डंखपेशींनी पाण्यातले बारीक जीव टिपतात. दिवसा दगड वाटणारा गोळा रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिला तर त्यावर मऊ लव उगवल्यासारखी दिसते. ती लव म्हणजे जेवायला बाहेर आलेले हजारो पॉलिप.

पण या शिकारीवर त्यांचं भागत नाही. पॉलिपच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त पेशी असू शकतात. हे शैवाल सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मार्गाने मिळू शकते. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या शरीरातून बाहेर पडणारा नायट्रोजन मिळतो. बाहेरच्या पाण्यात जे दुर्मीळ, ते इथे वाया न जाता आतल्या आत फिरत राहतं. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बराचसा या शैवालाचाच असतो.

या ऊर्जेच्या जोरावर पॉलिप समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा रचतो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, तर घुमटासारखे भरीव प्रवाळ जेमतेम सेंटिमीटरभर. वाढ संथ असली तरी काळ हाताशी भरपूर असतो. २०२४ मध्ये सॉलोमन बेटांजवळ प्रवाळाची एकच अखंड वसाहत सापडली. ती ३४ मीटर रुंद आणि ३२ मीटर लांब आहे, आणि तिचं वय सुमारे तीनशे वर्षं असावं असा अंदाज आहे.

भिंती किती खोलवर रचल्या गेल्या आहेत हे कळायला मात्र बराच वेळ लागला. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये एक तर्क मांडला होता. ज्वालामुखीचं बेट आपल्या भाराने हळूहळू खचत जातं. त्याच्या कडेचे प्रवाळ उजेड सुटू नये म्हणून वर वर वाढत राहतात. शेवटी बेट बुडतं आणि प्रवाळाचं कंकण तेवढं उरतं. एकशे दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडण्यात आलं. सुमारे १४०० मीटर चुनखडी ओलांडल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विनचा तर्क बरोबर होता.

एवढं रचलं जातं, पण ते सगळं टिकत नाही आणि टिकावं अशी अपेक्षाही नसते. या बांधकामाचा एक जमाखर्च असतो, आणि तो लक्षात आला की भिंतींचं महत्त्व, त्यांवरची संकटं आणि संवर्धनाचे उपाय आपोआप एका सूत्रात बसतात. जमेला प्रवाळ आणि चुना साठवणारं गुलाबी शैवाल. खर्चाला लाटा, वादळं, चुनखडी पोखरणारे स्पंज आणि किडे, काटेरी चेंडूसारखे सी अर्चिन आणि पोपटमासे. शास्त्रज्ञ हा ताळेबंद खरोखर मांडतात: एका चौरस मीटरवर वर्षाला किती किलो चुना चढला आणि किती झिजला. चढती बाजू जड असेल तोवर भिंत वाढते. पारडं फिरलं की वरून ती कितीही देखणी दिसो, आतून खचायला लागलेली असते.

खर्चाच्या बाजूला आहेत म्हणून ते सगळे शत्रू ठरत नाहीत. पोपटमाशाचंच पाहा. त्याचे दात जुळून कठीण चोच झालेली असते. तो मेलेल्या प्रवाळावर उगवलेलं शैवाल (पॉलिपच्या आत राहणारं नव्हे) खरवडतो, तेव्हा चुनखडीचे कपचेही तोंडात जातात. घशातल्या दुसऱ्या दातांनी तो त्यांचा भुगा करतो आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूची धूसर रेघ पाण्यात सुटते. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी बाहेर टाकू शकतो. मालदीव आणि लक्षद्वीपसारखी बेटं प्रवाळाच्या अशाच चुऱ्यावर उभी आहेत. शिवाय शैवाल खरवडून निघतं, त्यामुळे प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला मोकळी जागा मिळते. पोपटमासा एका हाताने खर्च करतो आणि दुसऱ्या हाताने पुढच्या जमेची सोय करतो.

आता माणसाचा संबंध. प्रवाळभिंत किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा मोडते, आणि त्यातला बराच मोठा भाग भिंतीचा बाहेरचा उंच काठच मोडतो. म्हणजे सगळा खेळ भिंतीच्या उंचीवर आहे. समुद्राची पातळी चढत असताना भिंत त्या वेगाने वाढली नाही, तर तिच्यावरचं पाणी खोल होत जातं आणि लाटा न मोडता थेट आत येतात. जगात सुमारे पन्नास कोटी लोक अन्न, रोजगार किंवा संरक्षणासाठी प्रवाळभिंतींवर अवलंबून आहेत असा अंदाज आहे. त्यातल्या अनेकांकडे सिमेंटची भिंत बांधायला पैसा नाही. पैसा असला तरी ती भिंत स्वतःची डागडुजी करणार नाही आणि मासेही देणार नाही.

औषधांचाही धागा इथे सापडतो. रक्ताच्या कर्करोगावर अनेक दशकं वापरलं जाणारं सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमध्ये आढळलेल्या संयुगांच्या अभ्यासातून पुढे आलं. दाटीवाटीत राहणारे आणि जागचे हलू न शकणारे जीव एकमेकांपासून बचाव करायला रसायनं वापरतात. त्यामुळे अशा शोधांची शक्यता या भिंतींवर मोठी आहे.

मग बिघडतं काय? सगळ्यात आधी उष्णता. प्रवाळ आपल्या सोसण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर राहतो. एखाद्या ठिकाणच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्यापेक्षा पाणी जेमतेम एक अंश सेल्सियसने जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तर शैवाल आणि प्रवाळ यांची भागीदारी मोडते. तापलेल्या पाण्यात आणि कडक उन्हात शैवालाच्या आतली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. पोशिंदाच विष करायला लागल्यावर प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. उरतं ते पारदर्शक शरीर आणि त्यातून दिसणारा पांढराफटक सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल पुन्हा वाढतं आणि प्रवाळ सावरतो, मात्र अशक्तपणा, रोगाची भीती आणि खुंटलेलं प्रजनन बराच काळ मागे राहतं. पाणी निवलं नाही तर मऊ शरीर गळून पडतं आणि सांगाड्यावर हिरवट-करडं शैवाल चढतं. त्या क्षणापासून जमेची बाजू थांबते आणि खर्च मात्र चालूच राहतो. काही वर्षांत फांद्या मोडून तळाशी खडीचा थर होतो.

अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांच्या मदतीने याचा अंदाज देते. तिची पद्धत सोपी आहे: मर्यादेपेक्षा किती अंश जास्त आणि किती आठवडे, यांचा गुणाकार. दोन अंश जास्त तापमान दोन आठवडे राहिलं तर चार. बेरीज चारवर गेली की ब्लीचिंगची दाट शक्यता, आठच्या पुढे गेली की प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरायला लागण्याची.

जगभर एकाच काळात ब्लीचिंग होण्याची पहिली मोठी घटना १९९८ ची. मग २०१०, मग २०१४ ते २०१७. चौथी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला घातक उष्णतेची झळ बसली होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशा सहा वेळा व्यापक ब्लीचिंग झालं. मोठ्या हानीनंतर झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहाएक वर्षं लागतात. इथे दहा वर्षांत सहा तडाखे बसले. मला यातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते. एखादा तडाखा कितीही जबर असो, भिंत त्यातून उठू शकते. उठायला उसंतच मिळाली नाही तर ती उठणार कशी?

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा दुसरा परिणाम न दिसणारा आहे. समुद्र हा वायू शोषतो, पाण्याची आम्लता वाढते आणि सांगाडा रचायला लागणारं कार्बोनेट कमी होतं. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. रचणं महाग झालं आणि झीज सोपी झाली.

पण सगळा दोष हवामानावर टाकून मोकळं होता येत नाही. जमैकाची गोष्ट त्यासाठी नीट समजून घ्यायला हवी. १९७० च्या दशकाच्या शेवटी जमैकाच्या भिंतींवर निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाचा होता. पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं. प्रत्यक्षात बेसुमार मासेमारीमुळे शैवाल खाणारे मासे कधीच संपत आले होते. त्यांचं काम लांब काळ्या काट्यांचा एक सी अर्चिन एकटा निभावत होता. १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडून टाकले, तरी नवे प्रवाळ रुजायला लागले होते, कारण अर्चिन शैवाल साफ करत होता. मग १९८३ मध्ये पनामाच्या बाजूने एक रोग आला आणि वर्षभराच्या आसपास अख्ख्या कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. शैवाल खाणारं आता कुणीच उरलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांच्या खाली आले आणि शैवालाने नव्वद टक्क्यांहून जास्त भाग व्यापला.

वादळ आणि रोग ही निमित्तं होती. भिंत आधीच एका जिवाच्या आधारावर उभी राहिली होती, आणि ते कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं. म्हणून मासेमारीचे नियम हा प्रवाळ वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा स्थानिक उपाय आहे असं मी म्हणतो. बेलीझने २००९ मध्ये पोपटमाशांसह शैवाल खाणाऱ्या माशांच्या मासेमारीवर बंदी घातली, ती याच विचाराने. पुढे आपल्या समुद्रातल्या तेलउत्खननावरही त्या देशाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये तिथली प्रवाळभिंत युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीतून बाहेर आली.

मासेमारीवर बंदी म्हणजे मच्छीमारांच्या पोटावर पाय, असा आक्षेप लगेच येतो. तो खोटा नाही. फिलिपिन्समधल्या आपो बेटाचं उदाहरण त्यावर उत्तर देतं. तिथे १९८२ मध्ये अँजेल अल्काला या जीवशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून बेटवासीयांनी भिंतीचा एक छोटा तुकडा मासेमारीसाठी बंद केला. राखण गावकऱ्यांनीच केली. आतले मासे वाढले, मोठे झाले, आणि काही वर्षांनी हद्दीबाहेर पसरून मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागले. मेक्सिकोच्या काबो पुल्मो इथे १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढलं. कागदावर संरक्षित झालेली क्षेत्रं जगात पुष्कळ आहेत. ही दोन ठिकाणं यशस्वी झाली कारण राखण करणाऱ्यांचं पोट त्या समुद्राशी बांधलेलं होतं.

कधीकधी उपाय पाण्याच्या बाहेर असतो. हिंद महासागरातल्या चागोस बेटांपैकी काहींवर जहाजांबरोबर उंदीर आले आणि त्यांनी समुद्री पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. काही बेटं मात्र उंदरांपासून वाचली. दोन्हींची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या बेटांवरची विष्ठा पावसाने वाहून समुद्रात जाते आणि तिच्यातल्या नायट्रोजनवर भिंत पोसली जाते. तिथल्या माशांचं एकूण वजन जवळपास दीडपट होतं आणि पोपटमाशांचं चरणं तिपटीहून जास्त. उंदीर हटवणं हे प्रवाळसंवर्धन ठरू शकतं, हे वाचून मला फार आनंद झाला होता, कारण हे काम आजच्या साधनांनी करता येण्यासारखं आहे. त्याच नायट्रोजनचा पूर शेतातल्या खतांतून आणि सांडपाण्यातून आला तर मात्र शैवाल माजतं. प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाच्या अळ्यांनाही तो मानवतो. सांडपाण्यावर प्रक्रिया आणि किनाऱ्यावरची खारफुटी राखणं यांचं मोल इथे कळतं.

मोडलेली भिंत पुन्हा लावता येते का? काही ठिकाणी येते. इंडोनेशियात सुलावेसीजवळ स्फोटकं टाकून केलेल्या मासेमारीने भिंतींची खडी झाली होती. सुट्या खडीवर प्रवाळाची अळी टिकत नाही, कारण लाटेबरोबर खडी उलथते आणि अळी चिरडते. तिथे वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी षट्कोनी चौकटी एकमेकींना बांधून तळावर अंथरल्या आणि त्यांवर प्रवाळाचे तुकडे लावले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत या भागांचा चुन्याचा ताळेबंद शेजारच्या निरोगी भिंतींइतका झाला. लावलेले प्रवाळ बहुतांशी फांद्यांचे होते, भरीव घुमटांची विविधता यायला आणखी बराच काळ लागेल. तरी खर्चाकडे झुकलेलं पारडं चार वर्षांत फिरतं हे मोठं यश आहे.

याच्या शेजारी फ्लोरिडा ठेवा. तिथे अनेक वर्षं प्रवाळांच्या रोपवाटिका चालवून हजारो तुकडे समुद्रात लावले गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी असं तापलं की एका उथळ खाडीत ३८ अंश सेल्सियसची नोंद झाली. रोपवाटिकांमधले प्रवाळ घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांत न्यावे लागले. सॉम्ब्रेरो रीफ या ठिकाणी तर लावलेले सगळे प्रवाळ गेले. मेहनत, निधी, कौशल्य, कशाचीच कमतरता नव्हती.

म्हणून पर्यटकांनी कोणतं सनस्क्रीन लावावं यावर जेवढी चर्चा होते तेवढी तिची योग्यता आहे असं मला वाटत नाही. हवाई आणि पलाऊ यांनी सनस्क्रीनमधल्या, प्रवाळाला घातक ठरू शकणाऱ्या काही रसायनांवर बंदी घातली ते चांगलंच केलं. प्रवाळावर उभं राहू नये, बोटीचा नांगर भिंतीवर टाकू नये, हेही पाळायलाच हवं. पण भिंतीचं भवितव्य ठरवणारा आकडा वेगळा आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१८ च्या अहवालानुसार पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी प्रवाळभिंती ७० ते ९० टक्क्यांनी घटतील. २ अंशांवर गेली तर ९९ टक्क्यांहून अधिक. कोळसा, तेल आणि वायू जाळणं किती लवकर कमी होतं, यावर हा अर्ध्या अंशाचा फरक अवलंबून आहे. स्थानिक उपाय भिंतीला तडाख्यांमधली उसंत वापरण्याइतकी ताकद देतात, पण ती उसंत किती मोठी असेल हे त्यांच्या हातात नाही.

दरम्यान संशोधकांचं लक्ष आधीच कणखर झालेल्या प्रवाळांकडे आहे. पर्शियन आखातातले प्रवाळ उन्हाळ्यात ३५ अंशांचं पाणी सोसतात. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाचे प्रवाळही उष्णतेला चांगले टिकतात. रूथ गेट्स आणि मॅडेलीन व्हॅन ऑपेन या शास्त्रज्ञांनी कणखर प्रवाळांचा संकर करून आणि शैवालालाच उष्णतेची सवय लावून नव्या पिढ्या घडवण्याची वाट दाखवली. हे काम निसर्गाच्या वेळापत्रकावर चालतं. बरेच प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री, अंडी आणि शुक्राणूंचे गुलाबी मणी पाण्यात सोडतात. ते गोळा करण्याची संधी हुकली की प्रयोग बहुधा वर्षभर लांबतो.

आणि एक अवघड वाद चालू आहे. साधनं थोडी आहेत, तर कोणत्या भिंतींना आधी वाचवायचं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उष्णतेची झळ तुलनेने कमी बसेल आणि जिथून अळ्या दूरवर पसरू शकतील अशी पन्नास क्षेत्रं निवडून दिली. शास्त्राच्या दृष्टीने निवड सयुक्तिक आहे, आणि पुढे समुद्र निवला तर प्रवाळांचं बियाणं तिथूनच येईल. पण या यादीबाहेरच्या भिंतींमागेही वस्त्या आहेत आणि लाटा त्यांच्यावरही येतात. अशा ठिकाणी विविधता पूर्वीसारखी राहणार नाही हे मान्य करूनही पोपटमासे राखणं, सांडपाणी रोखणं आणि खडी स्थिर करणं सोडून देता कामा नये, असं माझं मत आहे. तिथे आता मोजायचं ते प्रवाळांच्या जातींची संख्या कमी आणि भिंतीच्या काठाची उंची जास्त.